उलट्या तबकडीची गोष्ट

२६ जानेवारी २०२१ ची सकाळ. आम्ही सगळे टीव्हीसमोर बसून दिल्लीचं संचलन बघत होतो. आकाशातून डाकोटा नावाचं जुनं विमान घरघरत गेलं. अशाच डाकोटा विमानांतून २७ ऑक्टोबर १९४७ रोजी आपले जवान श्रीनगरला उतरले होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत पुढे सरकले.

"इंजान बघितलंस? चांदणीगत असतंय ते. आयुष्यभर इंजनाचीच कामं केली, पण तसलं एक कधी हाताखालनं गेलं न्हाई."

आप्पांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ चालवला. मीही तेच काम करतो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा एक छोटा लेथ आणि ड्रिल मशीन आहे. त्याच दिवशी मी ठरवलं, आप्पांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तसलं एक छोटं इंजिन सुरू करून दाखवायचं!

चांदणीसारखं म्हणजे कसं? मोटारीच्या इंजिनात सिलिंडर बहुधा एका रांगेत उभे असतात. इथे ते मधल्या शाफ्टभोवती गोलाकार लावलेले असतात, चांदणीच्या टोकांसारखे. याला रेडियल इंजिन म्हणतात. डाकोटाच्या एकेका इंजिनात १४ सिलिंडर असतात, सात-सातच्या दोन ओळी. मी पाचांवर भागवायचं ठरवलं. सिलिंडरचा व्यास २४ मिलिमीटर, पिस्टनची धाव २२ मिलिमीटर. पाचांची मिळून क्षमता झाली जवळजवळ ५० सीसी, म्हणजे पूर्वीच्या पेट्रोलवरच्या लूनाएवढी.

पाचच का? चार का नाहीत? कागद-पेन्सिल घ्या. एक वर्तुळ काढा. त्यावर सारख्या अंतरावर पाच ठिपके देऊन त्यांना १ ते ५ नंबर द्या. आता एक सोडून एक ठिपक्यावर बोट ठेवत जा. १, ३, ५, २, ४ आणि पुन्हा १. दोन फेऱ्यांत प्रत्येकाची पाळी एकेकदा आली. आता हेच चार ठिपक्यांवर करा. १, ३, १, ३... २ आणि ४ बिचारे उपाशीच! शाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा पेट्रोलचा भडका उडतो. तो सारख्या अंतराने उडावा, म्हणून एका ओळीतल्या सिलिंडरांची संख्या विषम ठेवतात. पाच, सात, नऊ अशी.

रोज रात्री जेवण झालं की मी शेडमध्ये. आप्पांना आता बारीक दिसत नाही. पण सिलिंडरच्या आत बोट फिरवून ते सांगायचे, "इथं खरखरतंय. परत घास." आणि ते खरंच असायचं.

सगळ्यात नाजूक काम होतं तबकडीचं. प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असतात. एक हवा आणि पेट्रोल आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, हे एक गोल तबकडी ठरवते. तिच्या कडेवर उंचवटे असतात. उंचवटा खाली आला की व्हॉल्व्ह उघडला. पाच सिलिंडरांना दोन उंचवट्यांची तबकडी चालते. मात्र ती शाफ्टच्या एक-चतुर्थांश वेगाने आणि उलट्या दिशेने फिरायला हवी. त्यासाठी तबकडीला आतल्या बाजूने दाते कापावे लागतात. माझ्या घरच्या यंत्रावर ते जमेना. मग मी दाते बाहेरून कापले.

माझी धाकटी लेक तेव्हा सातवीत होती. ती जोडणी बघत उभी होती. म्हणाली, "बाबा, ही तबकडी उलटी फिरायची होती ना? ही तर शाफ्टच्याच बाजूने फिरतेय."

"मध्ये मध्ये बोलू नकोस गं. आणि कशाला हात लावू नकोस!"

मी पहिल्या सिलिंडरवर तपासून पाहिलं. व्हॉल्व्ह अगदी वेळेवर उघडत होते. झालं, इंजिन तयार!

वाढदिवसाचा दिवस उजाडला. अंगणात शेजारीपाजारी जमले. इंजिन फिरवलं. फट्! पुन्हा फिरवलं. फट्! पहिलं सिलिंडर तेवढं बोलायचं आणि बाकीचे चार गप्प. मी प्लग बदलले, पेट्रोल बदललं. तासाभराने माणसं पेढे खाऊन घरी गेली. आप्पा काहीच बोलले नाहीत. मला तर ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. रात्री मी इंजिनावर गोणपाट टाकलं, आणि अख्खा पावसाळा शेडचं कुलूप काढलं नाही.

एका संध्याकाळी कामावरून आलो, तर आजोबा-नात जमिनीवर बसलेले. पुढ्यात पुठ्ठ्याची एक तबकडी, मधोमध टाचणी. भोवती कागदावर पाच सिलिंडर काढलेले.

"ये, बस," आप्पा म्हणाले. "पोरगी काय म्हणतीया ते ऐक. औंदा तरी."

मी बसलो.

"बाबा, शाफ्ट १ वरून ३ वर गेला, की उंचवटा ३ च्या खाली यायला हवा ना? आता तुमच्यासारखी फिरवते." तिने तबकडी शाफ्टच्या दिशेने हलवली. एक उंचवटा १ आणि २ च्या मधोमध अडकला. दुसरा थेट ४ च्या खाली! पाळी ३ ची आणि व्हॉल्व्ह उघडतोय ४ चा. मग तिने तबकडी तेवढीच उलटी फिरवली. उंचवटा बरोबर ३ खाली येऊन थांबला.

आणि पहिलं सिलिंडर? ते दोन्ही दिशांना बरोबरच यायचं. मी नेमकं तेवढंच तपासलं होतं!

"पण बेटा, आतले दाते मला कापता येत नाहीत," मी म्हणालो.

"मग तबकडी सरळच फिरू दे. उंचवटे तीन करून बघू?"

त्या रात्री आम्ही तिघांनी पुठ्ठ्याच्या किती तबकड्या कापल्या असतील, कोण जाणे. अकराच्या सुमारास उत्तर सापडलं. तीन उंचवटे, वेग शाफ्टच्या एक-षष्ठांश, दिशा शाफ्टचीच. पाचही सिलिंडरांची पाळी चोख! मी नवी तबकडी केली आणि गिअरची एक जोडी बदलली.

दिवाळीच्या सुट्टीत इंजिन पुन्हा अंगणात आलं. आप्पांनी आधी खालच्या दोन सिलिंडरांचे प्लग काढायला लावले. उभ्या इंजिनात तेल खाली साठतं. तेल काही दाबलं जात नाही, तसंच फिरवलं तर आतला दांडा वाकतो. तेल निथळलं. प्लग बसवले. मी मागून ड्रिल मशीन लावलं. पंख्यापासून सगळ्यांना दूर उभं केलं. या वेळी स्विच लेकीच्या हातात दिला.

फट्... फट्-फट्... आणि मग एकसलग भर्रर्रर्र! पंखा दिसेनासा झाला. अंगणातली धूळ उडाली. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालत राहिलं.

आप्पा डोळे मिटून ऐकत होते. इंजिन थांबल्यावर म्हणाले, "पाचीच्या पाची बोलली." आणि त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

मित्रांनो, इंजिनाचं काम मोठ्यांना सोबत घेऊनच करायचं हं! पण पुठ्ठ्याची तबकडी तुम्ही आजच कापू शकता. आमची तबकडी शेडच्या भिंतीवर टांगलेली आहे. हल्ली कुठलंही लोखंड कापण्याआधी मी हाक मारतो, "ये गं, काही चुकतंय का बघ." आणि ती बोलेपर्यंत लेथ सुरू करत नाही.