डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ

गेल्या वर्षी बाबा अठरा दिवस हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होते. निदान, डिप्रेशन. (इथे ओव्यात सगळ्यांना आम्ही "बीपीचा त्रास" असं सांगितलं होतं. सांगणारा मीच. असो.) घरी सोडताना जे कार्ड मिळालं त्यावर गोळ्यांची यादी होती आणि सगळ्यात खाली एक ओळ, "रेग्युलर एक्सरसाइज". बस्स. कुठला, किती, आणि अंथरुणातून उठायलाच तयार नसलेल्या माणसाने तो करायचा कसा, याबद्दल एक अक्षर नाही.

मी पडलो इंजिनिअर. रिक्वायरमेंट अर्धवट असली की आपल्या मनाने काहीतरी बनवून टाकायची सवय! एक फिटनेस बँड मागवला, बाबांच्या मनगटावर बांधला आणि टार्गेट ठेवलं दहा हजार पावलं. (हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, डॉक्टरांकडून नाही, हे नंतर कळलं.) पहिल्या दिवशी झाली चारशे बारा. त्यातली निम्मी बाथरूमची.

मग रोज ऑफिसमधून आलो की आकडा बघायचा आणि सुरू व्हायचं, "बाबा, जरा उठा हो, सेंट्रल पार्कपर्यंत जाऊन या, बरं वाटेल." एकदा ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "बरं वाटत असतं तर उठलो नसतो का रे?"

त्या रात्री झोप लागली नाही. शोधता शोधता गोव्याचं एक काम हाती लागलं. 'संगाथ' नावाच्या संस्थेतल्या डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या ४९५ पेशंट्सबरोबर केलेला अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. कार्यक्रमाचं नाव 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम'. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हेत, शिकवून तयार केलेली साधी माणसं. सहा ते आठ भेटी. यामागचा विचार असा की डिप्रेशनमध्ये माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, सोडल्यामुळे बरं वाटायच्या जागा कमी होतात, म्हणून अजून सोडतो. तेव्हा मूड येण्याची वाट न बघता एक अगदी छोटी कृती ठरवायची, ती करायची आणि पुढच्या भेटीत तिच्याबद्दल बोलायचं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचा आजार बराच ओसरला होता. ते न मिळता बाकीचे उपचार मिळालेल्यांत हेच प्रमाण ३९ टक्के.

ते पेशंट ॲडमिट झालेले नव्हते, आणि ती कृती म्हणजे व्यायामच असंही नाही. पण नुसत्या व्यायामाबद्दल म्हणाल तर २०२४ साली 'बीएमजे'मध्ये २१८ चाचण्या एकत्र करून बघितल्या होत्या. चालणं, धावणं, योगासनं, वजनं उचलणं, सगळ्यांचा डिप्रेशनमध्ये उपयोग दिसला. म्हणजे "उठा, बरं वाटेल" हे माझं वाक्य तसं चूक नव्हतं. पण औषधाचं नाव मोठ्याने वाचून दाखवणं म्हणजे औषध देणं नव्हे ना!

पुढच्या ओपीडीला मी हट्टाने समुपदेशकाची वेळ मागितली. तिशीतल्या एक ताई होत्या. व्यायाम हा शब्दच काढला नाही त्यांनी. विचारलं, "काका, आजारी पडायच्या आधी सकाळी काय करायचात?"

बाबा तळोजा एमआयडीसीत ऑपरेटर होते, रिटायर होऊन दोन वर्षं झालेली. म्हणाले, "सव्वासहाची कंपनीची बस."

"स्टॉपपर्यंत कसे जायचात?"

"चालत. दहा मिनटं."

ठरलं! सकाळी सहाला निघायचं, बसस्टॉपपर्यंत जायचं, परत यायचं. वहीत जाण्याआधीचा मूड आणि आल्यावरचा मूड लिहायचा, शून्य ते दहा. गोळ्या चालूच. आणि दर गुरुवारी ताईंचा फोन.

पहिल्या आठवड्यात दोनदा गेले, तेही गल्लीच्या तोंडापर्यंत. मी मनात म्हटलं, गेलं हेपण. ताईंनी मात्र फोनवर शांतपणे विचारलं, "बाकीचे पाच दिवस नेमकं काय आडवं आलं?" बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "लोक विचारतात. इतके दिवस होतास कुठं?"

आम्ही पाय मोजत बसलो होतो आणि अडत होतं हे! आणि बीपीची थाप मीच मारून ठेवलेली, ती बाबांना रोज नाक्यावर निभवायला लागत होती. ताईंनी त्यांच्याकडून एक उत्तर घोकून घेतलं, अगदी तोंडी परीक्षेसारखं: "तब्येत बरी नव्हती, आता फिरतोय." खोटं काही नाही, जास्तीचं काही नाही. दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेलो. टपरीवाल्या काकांनी विचारलंच. बाबांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. काका म्हणाले, "बरं. चहा घे." संपलं.

चार महिने झाले. मध्ये नऊ दिवस सलग खंड पडला, तेव्हा डॉक्टरांनी गोळी बदलली आणि अंतर पुन्हा गल्लीच्या तोंडापासून सुरू झालं. वहीत दोन्ही आकडे बऱ्याचदा सारखेच असतात, तीन आणि तीन. कधी तीन आणि पाच. बँड हल्ली आई घालते, तिची घरातल्या घरात सहा हजार होतात.

परवा धो धो पाऊस होता, म्हणून मी काही बोललो नाही. साडेसहाला दार वाजलं. बाबा ओली छत्री घेऊन उभे. वहीत लिहिलं, चार, चार. आणि पुढे, "बस उशिरा आली."