बाटलीला जामीन

भंडाऱ्यात आमच्या लहानपणी सोड्याच्या बाटलीला जामीन लागायचा. दुकानासमोर उभं राहून प्यायचात तर प्रश्न नव्हता. पण आजीला गॅस धरलाय, कुणाचं पोट डब्ब झालंय, म्हणून बाटली घरी न्यायची असेल, तर सोडेवाले काका आधी आमच्या हाताकडे बघत. आम्ही पोरं तयारीनंच गेलेलो असायचो. पितळेचा गडवा गल्ल्याशेजारी ठेवायचा, बाटली घ्यायची, पळत घर गाठायचं, आजीनं ढेकर दिला की रिकामी बाटली घेऊन पुन्हा पळायचं, मग गडवा सुटायचा. आईला हा सौदा कधीच पटला नाही. एका गडव्यात त्याच्या चार बाटल्या येतील, असं ती म्हणायची. तिचा हिशेब चूक नव्हता, पण काकांचाही नव्हता. भंडारा म्हणजे पितळेचं गाव. इथं गडवा फुटत नाही, पोचला तर ठोकून मिळतो, अगदी कामातून गेला तरी मोडीत किंमत येते. काचेची बाटली दूरवरून यायची आणि फुटली की गेली.

आणि ती बाटली साधी नव्हतीच. जाड हिरवट काच, आवळलेली मान, मानेत दोन खळगे, आत खुळखुळणारी काचेची गोटी आणि तोंडाच्या आतल्या खाचेत रबराचं वायसर. बूच नाही, झाकण नाही. आतला गॅस गोटीला वर दाबून धरतो आणि स्वतःचीच वाट बंद करून बसतो. हायरम कॉड नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८७२ साली हिचं पेटंट घेतलं. त्याआधी सोड्याच्या बाटल्यांना बूच असायचं. ते सुकलं की आक्रसायचं आणि गॅस उडून जायचा, म्हणून बाटल्या आडव्या निजवून ठेवाव्या लागत. कॉडनं ती कटकट संपवली. बिचारा १८८७ सालीच वारला. पुढं त्याच्या देशानं त्याची बाटली टाकून दिली. जपाननं आणि आपण ती ठेवली. जपानात ती रामुने म्हणून विकली जाते, आमच्याकडे गोटी सोडा.

काकांचं यंत्र दुकानाच्या मागच्या खोलीत होतं. एका बाजूला गॅसचं काळं नळकांडं, मधे जाळीचा पिंजरा, त्याला हँडल. सरबताचा अर्क आणि पाणी घातलेल्या बाटल्या पिंजऱ्यात बसवायच्या, गॅस सोडायचा आणि पिंजरा गरागरा फिरवायचा. गॅस पाण्यात मुरतो आणि बाटली उलटी झाली की गोटी तोंडाशी येऊन बसते. गॅस गार पाण्यात जास्त मुरतो, म्हणून हे काम भल्या पहाटे चालायचं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो; दुपारी भरायला बसलं तर निम्मा गॅस वाया आणि वर बाटली फुटायची भीती. पिंजरा फिरत असताना आम्हाला उंबऱ्याच्या आत पाय ठेवू देत नसत. भरलेल्या बाटल्या हौदात, ओल्या पोत्याखाली. नागपूरहून येणारी बर्फाची लादी लाकडाच्या भुशात गुंडाळलेली असायची, भुसा संपला तर धानाच्या कोंड्यात. कोंड्याला आमच्या जिल्ह्यात तोटा नाही.

सोडा फोडणं हा खेळ निराळा. फोडणं म्हणतात, पण फुटत काही नाही. मधे खुंटी असलेला लाकडी ठोकळा तोंडावर ठेवून तळहाताचा एक दणका; कुई करून गोटी आत पडते आणि फेस वर येतो. काका ठोकळा गिऱ्हाइकांसाठी ठेवायचे, स्वतः अंगठ्यानं फोडायचे. पिताना बाटलीचे खळगे खालच्या बाजूला हवेत, म्हणजे गोटी तिथं अडकून राहते. उलट धरली तर ती घरंगळत तोंडाशी येते आणि सोडा बंद. दुकानासमोर बाटली उलट धरून डोकं मागं टाकणारा माणूस दिसला की तो परगावचा, हे आम्ही ओळखायचो आणि कुणीही त्याला लगेच सांगायचं नाही.

बाटली दुकानाची असल्यामुळं माणसाला थांबावं लागायचं, आणि मला आता वाटतं की काकांच्या दुकानाची सगळी मजा त्या थांबण्यात होती. तुम्ही एक घोट घ्यायचा, गॅस नाकात जायचा, डोळे पाणावायचे, मग बोलणं सुरू. तुमसरच्या बाजारात धानाला काय भाव लागला, वैनगंगा कुठवर चढली, जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात कुणाचा पोरगा लागला. १९६४ साली तो कारखाना आला आणि गावात देशभरची माणसं आली. त्यांच्यातले काही खांद्याला थर्मास लटकवून फिरायचे. घरचा चहा घरापासून मैलोगणती दूर गरम प्यायचा, ही कल्पनाच आम्हाला उद्धटपणाची वाटली होती. गावात टपऱ्या काय मेल्या होत्या?

पितळेकडे वळायलाच हवं, नाहीतर कासारपुऱ्यातले मित्र हा लेख परत पाठवतील. तिथं दिवसभर ठोक्यांचा आवाज असायचा. गुंड, गडवे, घंगाळं, झाऱ्या, पिंपाच्या तोट्या. पाणी साठवायचं, वाहायचं आणि वाढायचं म्हटलं की पितळ. पाण्यापुरतं हे ठीक. आंबट मात्र पितळेला सोसत नाही. ताक, पन्हं, लिंबाचं सरबत तासभर ठेवलं तरी कळकतं, हिरवट होतं, प्यायलं की मळमळतं. म्हणून लग्नसराईच्या आधी कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, चामड्याचा भाता. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर, आणि त्या धुरात कापसाच्या बोळ्यानं कथिल फिरवलं की पिवळं घंगाळ आतून चांदीसारखं. मग त्यात पन्हं करायचं, बर्फाची लादी सोडायची आणि वऱ्हाडाला गडव्यानं वाढायचं. मुंबईच्या लोकांना बाटलीबंद आंब्याचं कौतुक असेल. वैशाखात कल्हईच्या घंगाळातलं पन्हं ज्यानं प्यायलं त्याला मी काही पटवून देत बसणार नाही.

पाणपोईवरची झारीही पितळेचीच. चैत्र लागला की खांब तलावाच्या वाटेवर, बाजारात, एस.टी. स्टँडजवळ ताटव्यांचे मांडव उभे राहायचे. वाळूवर ओळीनं माठ, त्यांना ओलं कापड. पाजणारा बाहेर हात काढून झारीच्या लांब तोटीनं धार धरायचा, पिणारा ओंजळ लावायचा. ना पेला, ना विसळणं, ना उष्टं. आरोग्याच्या दृष्टीनं झकास सोय. पण ती तोटी इतकी लांब कशासाठी होती, याचं उत्तर नुसतं आरोग्य नाही, हे आमच्या पिढीनं स्मरणरंजनात दडपू नये. पाजणाऱ्याचा हात पिणाऱ्याच्या ओंजळीपासून लांब राहावा, हाही त्या कारागिरीचा एक उपयोग होता, आणि कुणाच्या ओंजळीत धार किती वरून सोडायची हे पाजणाऱ्याला न विचारता कळायचं. १९५४ साली बाबासाहेब आंबेडकर याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते आणि हरले. गावातल्या झाऱ्यांबद्दल बोलताना मला ते वर्ष आठवतंच. सोड्याची बाटली त्या मानानं बरी. ती सगळ्यांच्या तोंडाला लागायची, हौदात बुचकळायची आणि पुन्हा सगळ्यांच्या तोंडाला लागायची. डॉक्टरांना हे ऐकवू नका.

पितळेच्या आधीचंही एक भांडं मी वापरात पाहिलंय. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात शिरणाऱ्या बायाबापड्यांच्या काठीला तुंबा लटकलेला असायचा. वेलावरच वाळवलेला दुधीभोपळा, आतून कोरून स्वच्छ केलेला, तोंडाला पानाचं बूच. त्यात पाणी, नाहीतर आंबील. प्यायला पळसाच्या पानाचा दोना, तो तिथंच टाकायचा. वजन नाही, खर्च नाही, पाणी दुपारपर्यंत गार. तुंब्याचं पेटंट कुणी घेतलं नाही, म्हणून शोधांच्या पुस्तकात त्याला जागा नाही.

गाडीनं जायचं तर वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनला जावं लागतं. तिथं बाबा गाडीत बसल्या बसल्या कॅनव्हासची छागल खिडकीच्या गजाला बाहेरून बांधायचे. कापडातून पाणी पाझरतं, वारा ते वाळवतो, आतलं पाणी गार होतं. गाडी जितकी जोरात तितकं पाणी थंड. गोंदियाला पोचेपर्यंत दात शिवशिवायचे. थांबलेल्या गाडीत छागल निरुपयोगी, हे मला अजूनही फार आवडतं.

दिवाळी आली की आमच्या झाडीपट्टीत खरी गंमत भाऊबीजेनंतर. गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. गोवाऱ्यांच्या ढाली नाचतात, पाहुणे येतात, तळ्यातल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात, रात्री दंडार किंवा नाटक. काकांची हातगाडी प्रत्येक मंडईला. चार बांबूंवर कापड, पुढं बाटल्यांची उतरंड, मागं बर्फ. नाटकाच्या मध्यंतरात कुई-कुई आवाजांनी मांडव भरायचा. मंडईत आणखी एका पेयाची वाटणी व्हायची, अंधाराकडच्या बाजूला. मोहाची. तिला बाटली नव्हती; ती गाडीच्या टायरच्या रबरी ट्यूबमधे यायची, अंगाला गुंडाळून, सदऱ्याखाली. न फुटणारं, न खळखळणारं, अंगावर बसणारं हे बांधणीचं तंत्र ज्यानं काढलं त्याचं नाव कुठल्याही कचेरीत नोंदवलेलं नाही, आणि त्याचीही तीच इच्छा असणार.

मग बिल्ला आला. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरनं १८९२ साली काढलेलं दातेरी पत्र्याचं झाकण. आमच्याकडे ते गोल्ड स्पॉटच्या डोक्यावर बसून आलं. याच पेंटरच्या कंपनीत किंग जिलेट नावाचा विक्रेता होता. एकदा वापरून फेकावी लागेल अशी वस्तू काढ, गिऱ्हाईक परत येतं, असा सल्ला पेंटरनं त्याला दिला म्हणतात. जिलेटनं दाढीचं पातं काढलं. आम्ही बिल्ले फेकत नव्हतो, ही पेंटरसाहेबांना न सुचलेली गोष्ट. वरठीच्या रुळांवर ठेवून चपटे करायचे, दोन भोकं, त्यातून दोरा, की झाली भिंगरी. १९७७ मधे कोका-कोलानं देश सोडला तेव्हा मोठी माणसं वर्तमानपत्रं घेऊन वाद घालत होती. आमची चिंता वेगळी होती, लाल बिल्ले मिळेनात.

काकांनी बिल्ल्याच्या बाटल्याही ठेवल्या. पण त्या ठोकळ्यानं नव्हे, दोरीला बांधलेल्या चावीनं उघडायच्या, आणि त्यात अंगठ्याला काही काम नव्हतं. ते चावी गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचे.

१९८५ साली फ्रूटी आली. पुठ्ठ्याच्या डबीत आंबा आणि पाठीला चिकटवलेली नळी. ना बर्फ हवा, ना बाटली परत करणं, ना कुणाशी बोलणं. खिडकीशी बसून नळी खोचायची आणि डबी चेपेपर्यंत ओढायची. एस.टी.तले प्रवासी एकेकटे पिऊ लागले ते तेव्हापासून, असं माझं मत आहे. पुरावा मागू नका. पुढं पाण्याचं पाऊच आलं, कोपरा दातानं तोडायचा. छागल माळ्यावर गेली. गडवे मोडीत निघाले, स्टील आलं, ठोक्यांचा आवाज विरळ झाला. काकांच्या मुलानं दुकान मोबाइलवाल्याला दिलं. मला त्यात दोष दिसत नाही. पहाटे उठून पिंजरा फिरवायला कुणाला आवडेल?

अधूनमधून बातम्या मात्र गमतीच्या येतात. २०२५ साली वाचलं की गोटी सोडा आता नव्या वेष्टनात अमेरिकेला, आखातात आणि इंग्लंडलाही निर्यात होतोय. म्हणजे कॉडसाहेबांच्या गावी त्यांचीच बाटली आपल्याकडून जाणार. व्याजासकट परतफेड म्हणायची.

गेल्या वर्षी साकोलीकडच्या एका मंडईला गेलो होतो. सोड्याची गाडी होती. म्हणजे गाडीच, चारचाकी, मागचा भाग उघडून दुकान केलेलं, रंगीत दिव्यांची माळ आणि ओळीनं चकचकीत तोट्या. एकेक तोटी एकेका रंगाची. मुलगा विशीतला.

"कोन्ता देऊ जी?"

"साधा. लिंबू पीळ, काळं मीठ टाक."

"साधा नाही ना जी. ब्लूबेरी घ्या, आमच्याकडचा सर्वात जास्त चालते."

घेतला. निळा होता. कागदी कपाला मी मनातल्या मनात नाक मुरडलं, पण गॅस सणसणीत होता, थेट नाकात गेला, डोळ्यांत पाणी आणलं. शेजारी शिंगाडे खात उभा असलेला एक जण हसला आणि यंदा धानाला बोनस मिळेल का म्हणून विचारू लागला. त्याचा मुद्दा लांबत गेला, मग मीच दोन हिरवे सांगितले.