प्रवराकाठची दैनंदिनी : पाण्याचा जुना हिशेब

पहिला दिवस. रतनवाडी, भंडारदरा

प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळाजवळून ती ओढ्याएवढीच वाहते आणि लगेच भंडारदरा धरणाच्या पाण्यात शिरते. शेजारच्या घाटघरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तर सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या संगमनेरला साडेचारशेचीही खात्री नसते. इंग्रजांची सत्ता या भागात कशी उतरली हे सांगताना आपण १८१८ ची पेशवाईची अखेर सांगतो, याच अकोले तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगऱ्यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात दिलेली फाशी सांगतो. ते सांगायलाच हवं. पण त्या सत्तेची आजही चालू असलेली गोष्ट धरणाच्या भिंतीपाशी सुरू होते. काम १९१० मध्ये सुरू झालं, १९२६ मध्ये पुरं झालं आणि भिंतीला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव मिळालं. उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११ टीएमसी, बांधकाम सगळं दगडाचं. शंभर वर्षांनंतरही ही भिंत उभी आहे. बांधणाऱ्यांच्या कसबाबद्दल वादच नाही. वाद आहे तो इथून सुटणाऱ्या पाण्यावर हक्क कोणाचा, हे ज्या हिशेबाने ठरलं त्याबद्दल. माझ्या मते वसाहतीचा खरा वारसा तो हिशेब आहे, आणि १९४७ नंतरही आपण तो बराचसा जसाच्या तसा चालवला.

दुसरा दिवस. संगमनेर

हे गाव इंग्रजांच्या आधीपासून नकाशावर ठळक होतं. यादव राजा दुसरा भिल्लम याचा शके ९२२ चा ताम्रपट संगमनेरच्या नावानेच ओळखला जातो. जवळच्या पेमगिरीवर शहाजीराजांनी १६३३ मध्ये निजामशाहीच्या बाल वारसाला गादीवर बसवलं. जालन्याच्या स्वारीहून परतताना १६७९ मध्ये शिवाजीमहाराजांची मोगलांशी इथेच लढाई झाली आणि तिथून ते पट्टागडावर, म्हणजे आजच्या विश्रामगडावर गेले. मोगल अमलात संगमनेर हे 'सरकार' नावाच्या एका विभागाचं ठाणं होतं. म्हणजे घाटमाथा आणि पठार यांच्यामधला हा नाका राज्य चालवणाऱ्याला लागत असे. १८१८ नंतर तो नगर जिल्ह्यातला एक तालुका झाला. पुढे १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला तो नगर, बेलापूर, कोपरगाव असा पूर्वेकडून गेला. त्या मार्गावरच्या बेलापूर स्टेशनाभोवती श्रीरामपूर नावाचं नवं शहर उभं राहिलं, आणि संगमनेरला आजही रेल्वे नाही.

रेल्वेचं एक वेळ सोडून देऊ. पाण्याची गोष्ट त्याहून खोल जाते. मुंबई सरकारने १८७९ मध्ये पाटबंधाऱ्यांचा कायदा केला. एखाद्या नदीचं पाणी कालव्यासाठी लागणार असं सरकारने जाहीर केलं की त्या पाण्यावर सरकारचा अधिकार लागू व्हायचा. काठावरच्या गावाचा वहिवाटीचा हक्क त्यापुढे दुय्यम ठरला. तक्रार असेल तर नुकसानभरपाई मागायची. महाराष्ट्राने या कायद्याच्या जागी स्वतःचा कायदा आणला तो १९७६ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर २९ वर्षांनी. भंडारदऱ्याहून सुटलेलं पाणी संगमनेरपर्यंत नदीच्या पात्रातूनच येतं. कालवे फुटतात ते गावाच्या खाली, ओझरच्या बंधाऱ्यावर. परिणाम असा की आवर्तन सुटतं तेव्हा संगमनेरच्या पुलाखालून पाणी दिवसेंदिवस वाहत असतं आणि पूर्वेकडचा थोडा पट्टा सोडला तर तालुक्याचा बराच भाग त्या पाण्याच्या लाभक्षेत्रात नसतो.

तिसरा दिवस. जोर्वे, ओझर

संगमनेरपासून थोड्याच अंतरावर जोर्वे आहे. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी इथे उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका अख्ख्या संस्कृतीला या खेड्याचं नाव मिळालं. तिथली भांडी चाकावर घडवलेली, तांबूस रंगाची. वर काळ्या रेघांची नक्षी, खांद्यावर मोड आणि पुढे लांब नळीसारखी तोटी. पाणी सांडू नये, धार हवी तिथेच पडावी, एवढी काळजी त्या तोटीत दिसते. याच संस्कृतीच्या इनामगावात, घोडनदीच्या काठी, पुराचं पाणी वळवणारा बांध आणि पाट उत्खननात सापडला. दख्खनमध्ये पाणी अडवून वळवायला कोणी साहेबाने शिकवलं नाही. नाशिक-धुळ्याकडची फड पद्धतही तेच सांगते: बंधारा गावाचा, शिवाराचे भाग पाडलेले, कोणत्या फडात यंदा कोणतं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि पाणी द्यायला गावानेच नेमलेला पाटकरी.

यावर आक्षेप येतो तो असा की जुन्या राजवटी काही दयाळू नव्हत्या. सारा त्याही घेत, दुष्काळ तेव्हाही पडत. खरं आहे. पण फडाचा बंधारा छोटा होता आणि त्याचा निर्णय गावात होत असे. भंडारदऱ्याने प्रमाण बदललं आणि निर्णयाची जागाही बदलली. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या तीन दुष्काळांनंतर १९०१-०३ चा पाटबंधारे आयोग बसला. दख्खनचे कालवे दुष्काळापासून संरक्षण म्हणून मांडले गेले. ज्वारी-बाजरीवाल्याचं पीक जगावं हा त्यांचा उद्देश. पण पाऊस बरा झाला की ज्वारीवाला पाटाचं पाणी मागत नाही, आणि खजिन्याला तर दरवर्षी पाणीपट्टी हवी. बारा महिने पाणी मागणारं आणि चढी पट्टी भरणारं पीक एकच होतं, ऊस. विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यासाठी ब्लॉक पद्धत सुचवली. पाणी अनेक गावांत विभागावं, एका जागी उसाने जमीन उपळू नये, हा त्यामागचा हेतू चांगला होता. व्यवहारात मात्र 'ब्लॉक' म्हणजे उसाचा ब्लॉक हीच ओळख पक्की झाली. दुष्काळी माणसाच्या नावाने अडवलेलं पाणी ज्याला ऊस परवडतो त्याच्या रानात गेलं, तेही कोणी कट न करता, निव्वळ जमाखर्चाच्या रेट्याने.

चौथा दिवस. लोणी, हरेगाव

सगळ्यात जड आक्षेप आजच्या रस्त्यावर आहे. दोन्ही बाजूंना ऊस, मधे शाळा, महाविद्यालयं, दवाखाने. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचं गाळप सुरू झालं. इंग्रजांचं धरण नसतं तर हे कुठून आलं असतं, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे आणि लोणीचं श्रेय कमी करण्याचं कारण नाही. खाजगी भांडवलाच्या हातातला धंदा कुणब्याच्या हातात आणणं ही या देशातल्या मोठ्या घटनांपैकी एक आहे. पण त्या श्रेयाची वाटणी नीट करायला हवी. विल्सन धरणाने आपसूक जे दिलं ते हरेगावला दिसतं: बेलापूर कंपनीचा कारखाना आणि त्यासाठी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली हजारो एकर जमीन. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कारखान्यांकडची ती जमीन काढून घेतली, पण ती गेली शेती महामंडळाकडे. मूळ खंडकऱ्यांच्या वारसांना त्यातला वाटा मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. सहकाराने कारखान्याचा मालक बदलला, पाण्याची वाट बदलली नाही. कालव्याच्या मुखाशी असलेल्याला आधी, टेलवाल्याला उरलं तर, आणि लाभक्षेत्राबाहेरच्याला काहीच नाही, हा क्रम सहकाराच्या आधी ठरला होता आणि सहकारानेही तो स्वीकारला.

पाचवा दिवस. तळेगाव दिघे, निमोण

आज नदी सोडून उत्तरेला. इथे शेवटचा आक्षेप तपासता येतो, कारण तो मोजमापाचा आहे: पाणी उताराने वाहतं, ते खाली गेलं यात राज्यकर्त्यांचा काय दोष? दोष नाही, हे निळवंड्यापर्यंत पटत होतं. भंडारदऱ्याच्या खाली त्याच प्रवरेवर बांधलेल्या निळवंडे धरणाचा डावा कालवा ८५ किलोमीटरचा आहे. जुन्या कालव्यांहून वरच्या पातळीने तो या कोरड्या पट्ट्यात पाणी आणतो. म्हणजे उताराचा अडसर तेवढा नव्हता. कालवा कोणत्या उंचीवरून काढायचा हा निवडीचा भाग होता. प्रकल्पाला मंजुरी १९७० मधली, आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं २६ ऑक्टोबर २०२३ ला. तोवर खर्च पाच हजार कोटींवर गेला. भंडारदरा परक्या सरकारने १६ वर्षांत बांधून पुरा केला. ज्यांना त्यातून वगळलं त्या १८२ गावांसाठी आपल्या सरकारला ५३ वर्षं लागली. जागा बदलणं, पुनर्वसन, निधी ही कारणं खोटी नव्हेत. तरी ज्यांचं पाणी आधीच ठरलेलं होतं त्यांना घाई नव्हती, हेही त्या वर्षांमधून उघड दिसतं. उगमाच्या अकोले तालुक्याला उच्चस्तरीय कालव्यांसाठी वेगळं भांडावं लागलं. खालच्या जायकवाडी धरणासाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ येते तेव्हा २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातलं समन्यायी वाटप प्रवराकाठाला अन्याय वाटतं. पण 'आधी मिळालं तो हक्क' या नियमाला या राज्यात पहिल्यांदाच कायद्याने आव्हान दिलं ते त्याच कलमाने, आणि निमोणकर ज्या आधारावर पाणी मागतात तो आधारही तोच आहे.

पाटाचं पाणी हवं असेल तर शेतकरी नमुना ७ चा अर्ज भरतो. त्यात गट नंबर, क्षेत्र, हंगाम लिहायचा असतो, आणि एक रकाना पिकाचा. जुन्या कालव्यांवर ऊस पाण्यावर कसा बसला हे त्या रकान्यातून वाचता येतं. निमोण-तळेगावच्या रानात या वेळी ज्वारी, हरभरा, कांदा, चारापिकं यांना आधी मंजुरी मिळायला हवी आणि उसाचं क्षेत्र पहिल्याच हंगामापासून बांधून द्यायला हवं. ते आत्ताच करायला हवं, कारण एकदा या काठावर उसाची मुळी आणि तिच्या मागोमाग गाळपाचं गणित रुजलं की ते काढायला आणखी ५३ वर्षंही पुरणार नाहीत.