दुसऱ्यांदा विद्यार्थी होताना : अमेरिकेतील वाचा-भाषा चिकित्सेच्या प्रवेशप्रक्रियेचा एक अनुभव

बोलणे, भाषा समजणे व वापरणे, आवाज, बोलण्यातील ओघ आणि गिळणे या क्रियांतील बिघाडांचे निदान व उपचार करणाऱ्या शास्त्राला वाचा-भाषा चिकित्सा म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र ‘स्पीच थेरपी’ हाच शब्द रुळलेला आहे. भारतात हा व्यवसाय पदवीनंतर करता येतो. श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा चिकित्सा या दोन्ही विषयांची एकत्रित पदवी, जिला विद्यार्थी ‘बीएएसएलपी’ या आद्याक्षरांनी ओळखतात, एका वर्षाच्या इंटर्नशिपसह चार वर्षांत पूर्ण होते आणि १९९२च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झाली की पदवीधर स्वतंत्रपणे रुग्ण पाहू शकतो. अमेरिकेत हीच पदवी केवळ पूर्वतयारी मानली जाते. तेथे व्यवसायाची किमान पात्रता पदव्युत्तर आहे, आणि १९२५ साली स्थापन झालेल्या अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनचे, म्हणजे ‘आशा’चे, प्रमाणपत्र त्या पदवीनंतर, राष्ट्रीय परीक्षा आणि किमान ३६ आठवड्यांची देखरेखीखालील उमेदवारी पार पाडल्यावर मिळते.

या संघटनेचा कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील संघटनांशी परस्परमान्यतेचा करार आहे; भारत त्यात नाही. परिणामी मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयात काही वर्षे काम केलेली, स्वतःच्या सहीने अहवाल देणारी चिकित्सक अमेरिकेच्या दृष्टीने पुन्हा अर्जदार ठरते. ‘आशा’च्या नियमानुसार विद्यार्थ्याला एकूण ४०० तासांचा चिकित्सानुभव लागतो, त्यांपैकी २५ तास मार्गदर्शनाखालील निरीक्षणाचे आणि ३७५ तास प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे असतात, आणि किमान ३२५ तास अधिस्वीकृत पदव्युत्तर अभ्यासक्रमात असतानाच पूर्ण करावे लागतात, म्हणजे आधीचा अनुभव कितीही असला तरी हिशेबाचा मोठा भाग कोऱ्या पानावरच सुरू होतो. प्रस्तुत लेखिका याच अवस्थेत अर्जदार झाली. येथे तृतीयपुरुषी निवेदन स्वीकारले आहे ते केवळ ग्रंथशैलीच्या आग्रहाने नव्हे; या व्यवसायातील रुग्ण-अहवालात उपचार करणारी व्यक्ती स्वतःचा उल्लेख ‘चिकित्सकाने’ असाच करते, आणि पुढे दिसेल की अर्जाचा सर्वांत अवघड भाग याच सवयीमुळे सुटला.

प्रवेशप्रक्रियेतील पहिली अडचण अनपेक्षित ठिकाणाहून आली. ‘आशा’च्या प्रमाणपत्रासाठी जीवशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि सामाजिक अथवा वर्तनविषयक शास्त्र अशा चार क्षेत्रांत प्रत्येकी एक महाविद्यालयीन स्तराचा अभ्यासक्रम आवश्यक असतो आणि बहुतेक विद्यापीठे त्याची तपासणी प्रवेशाच्या वेळीच करतात. बीएएसएलपीच्या अभ्यासक्रमात ध्वनीचे भौतिकशास्त्र सविस्तर शिकवले जाते : स्वरयंत्रातून निघालेला ध्वनी मुखपोकळीच्या आकारानुसार काही वारंवारितांना कसा उठाव देतो, त्या उठावाच्या पट्ट्यांना ‘फॉर्मंट’ का म्हणतात, आणि ‘ई’ व ‘ऊ’ या स्वरांतील फरक वर्णपटालेखावर कसा वाचायचा, हे सर्व त्यात येते. परंतु वाचा-श्रवणशास्त्राच्या अंगाने शिकवलेले विज्ञान, ते विद्यापीठाच्या सर्वसाधारण विज्ञान-आवश्यकतेत धरले जात नसेल तर, या अटीसाठी चालत नाही. संशोधनपद्धतीच्या पेपरात शिकलेले संख्याशास्त्रही चालत नाही, तर बारावीचे भौतिकशास्त्र शालेय स्तराचे म्हणून बाद होते. विद्यार्थ्याला आपल्या विषयाच्या कुंपणापलीकडचे विज्ञान थोडे तरी माहीत असावे हा यामागचा तर्क समजण्याजोगा आहे आणि तो चुकीचाही नाही. तरीही ध्वनिलहरी शिकवू शकणाऱ्या व्यक्तीने उतरणीवरून घसरणाऱ्या ठोकळ्याचा वेग काढण्यासाठी डॉलरमध्ये शुल्क भरून दूरस्थ अभ्यासक्रमाला नाव नोंदवावे, आणि ध्वनीचे प्रकरण त्यात अगदी शेवटी यावे, यातील गंमत लपत नाही. संख्याशास्त्राची सोय त्या मानाने सहज झाली, कारण तो पेपर पदवीच्या वर्षांत स्वतंत्र होता.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगणे पुरे. अमेरिकेतील बरीच विद्यापीठे या विषयाचे अर्ज एका केंद्रीय संगणकीय व्यवस्थेतून घेतात. तेथे प्रत्येक पेपर श्रेयांकासह नोंदवावा लागतो, तर भारतीय गुणपत्रिकेवर बहुधा वर्षाचे एकूण गुण असतात. पासष्ट टक्के म्हणजे मुंबईत प्रथम वर्ग. परदेशी परीक्षकाने तोच आकडा आपल्या मापाने वाचला तर विद्यार्थी जेमतेम उत्तीर्ण वाटतो, म्हणून गुणांचे समतुल्य मूल्यांकन करून देणाऱ्या संस्थेकडून अहवाल घ्यावा लागतो, आणि त्या संस्थेकडे विद्यापीठाने मोहोरबंद लिफाफा पाठवावा यासाठी परीक्षा विभागाच्या खिडकीशी सबुरीने उभे राहावे लागते. शिफारसपत्रांत वेगळाच पेच होता. आपल्याकडील प्राध्यापक जिव्हाळ्याने ‘कष्टाळू, प्रामाणिक, आज्ञाधारक’ असे लिहितात. अमेरिकी नमुन्यात मात्र टीका स्वीकारण्याची तयारी, स्वतंत्र विचार, लेखन अशा गुणांपुढे खुणा करायच्या असतात आणि आज्ञाधारकपणाला तेथे चौकटच नसते. शिक्षकांना हे समजावून सांगण्याचे काम विद्यार्थ्याकडे येते, आणि ते सरांना वा बाईंना काही शिकवत असल्याचा भास न होऊ देता करावे लागते.

खरा कस लागला तो उद्देशपत्रात. उद्देशपत्र म्हणजे आपण या विषयाकडे का वळलो हे मोजक्या अक्षरांत सांगणारा निबंध. या प्रकाराला या विशिष्ट व्यवसायात एक जुनी परंपरा आहे असे म्हणता येईल. आयोवा विद्यापीठातील वेंडेल जॉन्सन आणि मिशिगनमधील चार्ल्स व्हॅन रायपर, ज्यांनी तोतरेपणाच्या अभ्यासाचा पाया घालण्यात मोठा वाटा उचलला, ते दोघेही स्वतः अडखळत बोलणारे होते. स्वतःच्या बोलण्यातील अडचण हाच त्यांच्या शास्त्राचा आरंभ होता. आजच्या अर्जदारांचे निबंधही बहुधा याच वाटेने जातात : भावाला स्वमग्नता होती, आजोबांची वाचा पक्षाघाताने गेली, स्वतःला लहानपणी ‘र’ म्हणता येत नसे. ही कारणे खरी असतात आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांप्रमाणे प्रस्तुत लेखिका या विषयाकडे गुणवत्तायादीच्या वाटेने आली. वैद्यकीय प्रवेश हुकला, यादीत पुढे जे होते ते घेतले, आणि नायर रुग्णालयातील वा वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतील सहाध्यायी मैत्रिणींशी बोलताना कळले की त्यांच्यातही बहुतेकींचे तसेच झाले होते. भारतीय तरुणांचे व्यवसाय असेच ठरतात, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण ‘का आलात?’ या प्रश्नाला ते उत्तर चालत नाही.

पहिल्या मसुद्यात ‘मुक्यांना वाचा देण्याची’ भाषा होती आणि ती वाचताना संकोच वाटत होता. हा संकोच केवळ अभिरुचीचा नव्हता. या शास्त्राचे पहिले शिक्षणच असे असते की रुग्णाच्या मनात काय आहे याविषयी निष्कर्ष काढण्याआधी जे दिसले व ऐकू आले ते लिहावे : ‘मूल चिडले’ असे न लिहिता ‘मुलाने चित्रफलक ढकलला व तोंड फिरवले’ असे लिहावे. चार वर्षे ही शिस्त अंगी बाणवलेल्या व्यक्तीला स्वतःविषयी मात्र नेमके उलटे, म्हणजे दृश्य काहीच नाही आणि भावना ओसंडून, असे लिहिण्यास सांगितले जाते. त्या मसुद्याची जागा शेवटी एका उपचारसत्राच्या वर्णनाने घेतली, ज्यात चिकित्सक ही व्यक्ती रुग्णाइतकीच निरीक्षणाचा विषय होती.

ते वर्णन वाचाघाताच्या एका रुग्णाचे होते. वाचाघात म्हणजे मेंदूला, बहुतेक वेळा डाव्या गोलार्धाला, इजा झाल्यामुळे भाषेवर आलेली मर्यादा. यात बुद्धी जात नाही, जीभही लुळी पडलेली असतेच असे नाही, पण शब्द सापडत नाहीत किंवा वाक्य जुळत नाही. एसटीत वाहकाची नोकरी करून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना समोरच्या पेल्याकडे बोट दाखवून पाणी मागता येत नसे, पण संध्याकाळची आरती ते अखंड म्हणत आणि एकदा सुरुवात करून दिली की आपल्या जुन्या मार्गावरचे थांबे क्रमाने सांगत. घरच्यांना यात हट्ट दिसे : ‘आरती येते मग पाणी का मागत नाहीत?’ पाठ झालेले, ठरावीक क्रमाचे बोलणे आणि गरजेप्रमाणे नव्याने रचलेले बोलणे यांत फरक असतो आणि वाचाघातात पहिले पुष्कळदा शाबूत राहते, हे कुटुंबाला समजावणे हा उपचाराचाच भाग असतो. त्यांच्या वाक्यांत ‘मुलगा पोळी खाल्ला’ असे प्रयोग येत. भूतकाळी सकर्मक क्रियापदाबरोबर कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, ही मराठीची व्यवस्था त्यांच्या हातून निसटत होती. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत तशाच प्रकारचे रुग्ण व्याकरणिक छोटे शब्द व प्रत्यय गाळतात असे वर्णन असते, तर प्रत्ययांनी भरलेल्या भाषांत रुग्ण प्रत्यय गाळण्यापेक्षा एकाच्या जागी दुसरा घालताना अधिक आढळतात. त्यामुळे इंग्रजी पुस्तकातून उचललेली उपचाराची पायरी मराठीत तशीच ठेवता येत नाही. निबंधात चिकित्सकाने दिलेले संकेत क्रमाने नोंदवले होते : आधी फक्त वाट पाहणे, मग ‘तहान लागली की आपण पितो...’ असे अर्धे वाक्य, मग ‘पा’ हा आरंभीचा ध्वनी. आणि कोणत्या संकेताला शब्द आला, कोणत्याला नाही. शेवटच्या परिच्छेदात एवढेच म्हटले होते की या नोंदींतून पुढचे सत्र कसे आखावे याचे मार्गदर्शन मराठीसाठी फार तुटपुंजे उपलब्ध आहे आणि ते तयार करण्याइतके संशोधनाचे शिक्षण अर्जदाराकडे नाही. ‘का आलात?’ याचे उत्तर त्यात नव्हते, ‘का थांबलात?’ याचे होते, आणि एखाद्या प्रवेश समितीला ते पुरेसे वाटेल हा अंदाज होता, खात्री नव्हती.

इंग्रजीची परीक्षा यथावकाश झाली. या व्यवसायात उच्चार हेच कामाचे साधन असल्याने परदेशी अर्जदाराला आपल्या उच्चाराविषयी धास्ती असते. ‘आशा’ने मात्र १९९८मध्येच अशी भूमिका घेतली की स्वतःच्या वळणाने इंग्रजी बोलणारा विद्यार्थी अपेक्षित ज्ञान, निदानकौशल्य आणि लक्ष्य ध्वनी करून दाखवण्याची क्षमता दाखवू शकत असेल तर केवळ उच्चारामुळे त्याला दूर ठेवू नये. ही भूमिका प्रत्यक्षात कितपत पाळली जाते हे प्रत्येक विभागावर अवलंबून असणार.

मुलाखती दृक्श्राव्य माध्यमातून झाल्या. एका ठिकाणी अर्जदारांच्या गटासमोर एक प्रसंग ठेवला गेला : घरी दुसरी भाषा बोलणारे पाच वर्षांचे मूल शाळेत ‘मागे’ आहे असे शिक्षिकेला वाटते, तर काय करावे? इतर अर्जदार प्रमाणित चाचण्यांविषयी बोलले. प्रस्तुत लेखिकेने मराठी घरातील मुलाचे उदाहरण घेतले. मराठीत एकच ‘व’ असल्याने असे मूल इंग्रजीतील दोन वेगळ्या ध्वनींत गल्लत करील, आणि दातांतून हवा घासत काढायच्या ध्वनीच्या जागी आपला ‘थ’ म्हणेल. हा भाषाभेद आहे, विकार नव्हे. पण तेच मूल घरी आजीशी मराठी बोलतानाही वाक्ये जुळवू शकत नसेल, तर मात्र काळजीचे कारण आहे. एकभाषक मुलांवर बेतलेल्या चाचणीचे गुण अशा वेळी दिशाभूल करतात; त्यापेक्षा काही शिकवून पाहावे आणि मूल ते किती लवकर उचलते ते मोजावे, ज्याला गतिमान मूल्यमापन म्हणतात. अमेरिकेतील मराठी पालकांना अजूनही कधी कधी ‘घरी फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला मिळतो, आणि दोन भाषांमुळे मुलाचे बोलणे लांबते या समजुतीला संशोधनाचा आधार नसूनही तो पाळला जातो. मूल मग आजीशी बोलायचे थांबते, हा तोटा कोणत्याही चाचणीत दिसत नाही. परीक्षकांनी पुढचा सर्व वेळ मुंबईतील कामाविषयीच विचारले : दुभाष्याशिवाय गुजराती कुटुंबाला समजावून कसे सांगता, बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला किती मिनिटे मिळतात, उपचाराचे साहित्य कुठून आणता.

काही विद्यापीठांनी नकार कळवला, एकाने प्रतीक्षायादीत ठेवले, आणि त्या मुलाखतीच्या विद्यापीठाने प्रवेश दिला. या विषयाच्या जागा मुळातच कमी असतात, कारण प्रत्येक विद्यार्थ्यामागे देखरेख करणारा प्रमाणित चिकित्सक आणि पुरेसे रुग्ण लागतात. वर्गात खुर्च्या वाढवून ते भागत नाही. प्रवेशपत्रासोबत अटींची यादी होती : भौतिकशास्त्राचा अंतिम निकाल, लसीकरणाच्या नोंदी, पार्श्वभूमीची पडताळणी, आणि निरीक्षणाचे २५ तास ‘आशा’-प्रमाणित व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली, पहिल्या सत्राच्या आत. मुंबईतील तासांचा तक्ता अर्जासोबत जोडलेला होता. विभागाच्या समन्वयकाने तो वाचल्याचे कळवले, त्याचे कौतुक केले, आणि त्यातले काहीही ३२५ तासांत धरता येणार नाही हे त्याच ओळीत नम्रपणे लिहिले.