घरगुती खेळण्यांचा कारखाना

तान्ह्या मुलाच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात : तोंडात मावणाऱ्या आणि न मावणाऱ्या. दुसऱ्या प्रकारालाही ते एकदा संधी देऊन बघतं.

आमच्याकडे नात आली आणि तिच्यामागोमाग ‘संवेदनांचा विकास’ही आला. सूनबाई म्हणाली, "बाबा, सुरुवातीला बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं. त्यातही काळं-पांढरं चटकन कळतं." झालं! पस्तीस वर्षं कचेरीत पांढऱ्यावर काळं केलेला मी पुठ्ठ्यावर पट्टे ओढायला बसलो. ते बघून आमची ही म्हणाली, "पोरीला काय एवढ्यात रस्ता ओलांडायचाय?"

मग कारखाना वाढला. रिकाम्या बाटलीत मूठभर तूरडाळ भरून खुळखुळा झाला. ब्लाउजांच्या चिंध्यांचं चिमणाळं पाळण्यावर टांगलं. मखमल, खादी आणि तागाचे तुकडे जोडून हिने चाचपायची गोधडी शिवली. कारखान्याचा कायदा एकच : मणी, बटण, डाळीचा दाणा सुटा हाती लागता कामा नये, घशात अडकायला क्षण पुरतो. म्हणून बाटलीचं झाकण मी असं चिकटवलं, की ते उघडायला आता लोहारच बोलवावा. तरी रोज सकाळी ओढून बघतोच.

बाईसाहेबांनी सगळा माल चाखून पाहिला आणि पसंत केला तो आजीचा पदर! आजी पदराआड जाणार, "बुवा... कुक्!" म्हणत बाहेर येणार आणि ही खिदळणार. दिवसातून चाळीस वेळा.

झाकलेली वस्तू मूल साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास शोधू लागतं, असं जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्याच मुलांचं निरीक्षण करून १९३७ साली लिहिलं. तोवर सगळा कारभार ‘दृष्टीआड सृष्टी’!

नेमक्या त्याच सुमारास सूनबाईची रजा संपली. २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले २६ आठवडे आणि त्यांना जोडलेली साठलेली रजा, सगळंच. पहिल्या दिवशी दाराच्या अलीकडे नात रडली आणि पलीकडे सूनबाई. आजीने काही न बोलता पदर डोक्यावर ओढला. "बुवा..."

तेव्हा कळलं, हा खेळ नुसता हसवण्याचा नाही. गेलेलं माणूस परत येतं, याची ती रंगीत तालीम आहे.

आता संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली, की नात खुळखुळा टाकते आणि दाराकडे बघून आधीच हसते. तिच्या लेखी दार म्हणजे एक मोठा पदरच.