रेमिंग्टनची बंदूक आणि मावशीची नोकरी

जरा कीबोर्डची वरची ओळ बघा. क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय. दिवसाचे आठ-दहा तास आपली बोटं याच ओळीवर नाचतात. ही ओळ बाजारात आणली एका बंदुका बनवणाऱ्या कंपनीनं! खोटं वाटतंय ना?

झालं असं, की एका लेखासाठी मी रेमिंग्टन या अमेरिकन कंपनीचा इतिहास धुंडाळत होते. शॉटगनच्या जगात हे नाव म्हणजे एकदम क्लासिक. १९५० साली आलेलं त्यांचं ‘८७०’ मॉडेल तर एक कोटीहून जास्त खपलं. जळगावला फोनवर आईला हे सांगत होते, तर ती म्हणाली, “रेमिंग्टन? अगं, ते तर टायपिंगचं मशीन!”

आम्ही दोघीही बरोबर होतो.

१८१६ साली एलिफलेट रेमिंग्टननं न्यूयॉर्क राज्यात वडिलांच्या भट्टीवर बंदुकीची नळी घडवली. पुढे इलियन गावात कारखाना उभा राहिला. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि ऑर्डर्स आटल्या. (फ्रीलान्सर असल्यामुळे ही वेळ मला चांगलीच कळते!) मग काय, शेतीची अवजारं कर, शिलाई मशीन कर. १८७३ मध्ये त्यांनी क्रिस्टोफर शोल्सचा टायपरायटर बनवायचं कंत्राट घेतलं. पहिलं मॉडेल दिसायलाही शिलाई मशीनसारखंच. अंगावर फुलांची नक्षी आणि नवी ओळ घ्यायला चक्क पायडल! उमटायची ती फक्त कॅपिटल अक्षरं. शिफ्ट की आली १८७८ मध्ये.

तरी पैशांची चणचण काही संपेना. १८८६ मध्ये कंपनीनं टायपरायटरचा धंदा विकून टाकला. घेणाऱ्यांनी नाव मात्र रेमिंग्टनच ठेवलं.

तेच नाव पुढे आमच्या खान्देशात पोचलं. माझी मावशी धुळ्याची. आग्रा रोडजवळच्या एका क्लासमध्ये, सकाळी सहाच्या बॅचला, ती रेमिंग्टनवर टायपिंग शिकली. ‘कि’ लिहायचा तर आधी वेलांटी, मग क. मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द. सर्टिफिकेट हातात आलं आणि ती सरकारी कचेरीत क्लार्क-टायपिस्ट म्हणून लागली. तिच्या पगारावर धाकट्या दोन भावंडांची शिक्षणं झाली. त्यातली एक माझी आई. म्हणजे माझ्या मासकॉमच्या डिग्रीचं मूळही शोधत गेलं तर त्याच मशीनपाशी निघतं.

बंदुकांच्या कंपनीचं दिवाळं २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये निघालं. २०२४ च्या मार्चमध्ये इलियनचा कारखानाही बंद झाला. मराठी टायपिंगसाठी कॉम्प्युटरवर मात्र आजही ‘रेमिंग्टन’ कीबोर्ड निवडता येतो. अडचणीत हाती घेतलेला आणि अडचणीतच विकलेला जोडधंदा, त्यानंच हे नाव आमच्याकडे जिवंत ठेवलं.

हे सगळं मावशीला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, “बंदुकीचं मला माहीत नाही बाई. पण त्या कळा दाबायला जोर लागायचा. पहिला महिनाभर करंगळी नुसती ठणकत होती.”