खाखरा : मुदतीची शिदोरी

अहमदाबादच्या जुन्या शहरात, साबरमतीच्या पूर्व तीरावर, दिवस उजाडतो तो चबुतऱ्यावर दाणे टिपणाऱ्या पारव्यांच्या घुमण्याने. येथील वस्त्यांना ‘पोळ’ म्हणतात. एका दरवाजाच्या आत दाटीने उभी असलेली कोरीव लाकडी घरे, अरुंद गल्ल्या आणि अनेक पोळांत एखादे देरासर, अशी त्यांची रचना. 2017 मध्ये युनेस्कोने या शहराचा जागतिक वारसा म्हणून गौरव केला. सकाळी दर्शन-पूजा आटोपून मंडळी घरी परततात, नवकारशीची 48 मिनिटे पूर्ण होतात आणि चहाच्या पेल्याशेजारी खाखऱ्याचा डबा उघडतो.

खाखऱ्याचे साहित्य अगदी साधे. गव्हाची कणीक, मीठ, थोडे मोहन आणि आवडीप्रमाणे जिरे, मेथी किंवा मसाला. खरे कौशल्य लाटण्यात व भाजण्यात आहे. अतिशय पातळ लाटलेली पोळी तव्यावर प्रथम अर्धवट भाजली जाते. मग मंद आचेवर कापडाच्या बोळ्याने किंवा लाकडी दट्ट्याने ती दाबत व फिरवत राहावे लागते. फुलका फुगला की गृहिणीला समाधान वाटते. खाखरा मात्र फुगू द्यायचा नसतो. फुगवटा आला की तेवढा भाग तव्यापासून सुटतो आणि भाजणी असमान होते. घाईने आच वाढवली तर वर डाग पडतात, आत ओल उरते. हात स्थिर आणि मन शांत असल्याखेरीज हे काम साधत नाही.

एवढे कष्ट कशासाठी, याचे उत्तर आहारनियमांत सापडते. पाण्यात भिजवलेल्या कणकेची मऊ पोळी रात्र उलटली की ‘वासी’, म्हणून अभक्ष्य ठरते. कारण ओलाव्यात जीवोत्पत्ती होते. खाखऱ्यातील ओल अग्नीने काढून टाकलेली असल्यामुळे तो टिकतो. तरीही त्याला अमर्याद सूट नाही. श्वेतांबर परंपरेत त्याचा काळ पावसाळ्यात 15, उन्हाळ्यात 20 आणि हिवाळ्यात 30 दिवस मानला जातो. दमट हवेत पदार्थ लवकर बिघडतो, हा अनुभव या आकड्यांमागे स्पष्ट दिसतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर फुलका ही दर्शनी हुंडी, त्याच दिवशी वटवायची. खाखरा ही मुदती हुंडी.

या मुदतीनेच खाखऱ्याला प्रवासी बनवले. सौराष्ट्र, कच्छ आणि अहमदाबादहून व्यापारासाठी मुंबईकडे निघालेल्या कुटुंबांना वाटेत शुद्ध अन्नाची खात्री नसे, आणि चौविहार पाळणाऱ्यास सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावे लागे. अशा वेळी डब्यातील खाखरा चूल न पेटवता भूक भागवी. व्यापाऱ्यांची बिऱ्हाडे महाराष्ट्रात स्थिरावली, तसा खाखराही येथल्या घरांत रुळला.

तपातही त्याचे स्थान आहे. आयंबिलात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर वर्ज्य असल्याने खाखराही तेल-तुपाविना होतो. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी टाळणाऱ्या घरी हिरव्या मेथीचा खाखरा केला जात नाही. पदार्थ तोच, पण दिवसाप्रमाणे त्याची मर्यादा बदलते.

आज अहमदाबादच्या दुकानांत पावभाजी, पाणीपुरी, डोसा अशा नाना चवींचे खाखरे दिसतात. दाबण्याचे काम यंत्रे करू लागली आहेत आणि या उद्योगातून अनेक स्त्रियांच्या हाती स्वतःची कमाई आली आहे. हे स्वागतार्हच आहे. मात्र पाकिटावर महिनोन्‌महिन्यांची मुदत छापलेली असते आणि घेणारा तेवढीच पाहतो. घरच्या डब्यावर तारीख नसे. तरी कोणत्या वारी खाखरे भाजले आणि ते कधी संपवायचे, हे करणारीला नेमके ठाऊक असे. ती जाणीव विकत मिळत नाही.

म्हणून पाकीट घेताना शेवटच्या तारखेआधी बनवल्याची तारीख पाहावी, आणि विक्रेत्याने ती ठळकपणे व सचोटीने छापावी. हुंडीची मुदत चुकली तर पेढीची पत जाते. खाखऱ्याच्या मुदतीत जीवदया गुंतलेली आहे; तिचा हिशेब तरी त्याहून सैल कसा असावा?